परमुलखातील शिक्षक आणि विद्यार्थ्यांची कला

बडनेरा हे आगगाडीचे गाव आहे, हे येथील लहान मुलासही सांगावे लागत नाही. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपुरास पोचला. तेव्हापासून वऱ्हाडचा कापूस आणि वऱ्हाडचा माणूस मुंबईस जावयाचा तो बहुधा याच वाटेने. अमरावतीचा फाटाही येथूनच फुटतो. रात्री बडनेऱ्यास गाडीत बसावे आणि सकाळी डोळे चोळीत बोरीबंदरावर उतरावे, हा परिपाठ येथील कित्येक घरांत पिढ्यानपिढ्यांचा आहे. परंतु उतरणारा मनुष्य सामान मोजतो, मुलांची बोटे धरतो आणि बाहेर पडतो. ज्या इमारतीतून आपण बाहेर पडलो तिच्याकडे वळून पाहण्यास त्यास सवड नसते. मीही वर्षानुवर्षे असाच बाहेर पडत आलो.

एकदा मात्र काही मुलामुलींस घेऊन सहलीस गेलो असता निराळे घडले. आम्ही रस्त्याच्या कडेस उभे राहून डोकी मोजीत होतो. एक भरेना. पाहतो तो आठवीतली एक मुलगी मागेच थांबलेली, मान वर करून दगडी कमानीवरील मोराकडे पाहत. मी थोड्या रागानेच हाक मारली. ती धावत आली आणि तिने विचारले, "गुरुजी, तो मोर कोणी कोरला?" मी इमारतीच्या शिल्पज्ञाचे नाव सांगितले : फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. ती म्हणाली, "त्यांनी इमारत बांधली ना? मी मोराचे विचारते."

त्या वेळी मजजवळ उत्तर नव्हते. घरी परतल्यावर पुस्तके चाळिली, आणि जे हाती आले ते त्या मुलीस सांगितले. ती एव्हाना शाळा सोडून गेली. परंतु तिच्यामागून आलेल्या विद्यार्थ्यांस आणि त्यांच्या पालकांस तेच येथे सांगतो.

ही इमारत १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत उभी राहिली. प्रथम तिचे नाव व्हिक्टोरिया टर्मिनस होते. १९९६ मध्ये ते बदलून छत्रपती शिवाजी टर्मिनस असे झाले आणि २०१७ मध्ये त्यात महाराज ही पदवी जोडण्यात आली. २००४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत तिची गणना झाली. घुमटावरील प्रगतीची भव्य मूर्ती टॉमस अर्प या इंग्रज मूर्तिकाराची. परंतु कमानींवरील मोर, खांबांच्या माथ्यावरील पाने, फुले आणि माकडे, जिन्याचे लोखंडी व पितळी कठडे, लाकडावरील नक्षी, या सर्व शोभेच्या कामाचा फार मोठा भाग मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी आखला व घडविला. मोर विद्यार्थ्यांचा आहे. आणि त्या विद्यार्थ्यांचे शिक्षक होते जॉन ग्रिफिथ्स, वेल्स प्रांतातील डोंगराळ मुलखात १८३७ मध्ये जन्मलेले एक चित्रकार.

असे काम विद्यार्थ्याच्या हातून कसे होते, हे थोडे समजून घेण्यासारखे आहे. आरंभी खरी फांदी, खरे पान, खरा पक्षी पुढे ठेवून कागदावर रेखाटन करावयाचे. त्यावरून ओल्या मातीत उठावाचे चित्र घडवावयाचे. माती वाळली की तडकते, म्हणून ती ओली असतानाच तिच्यावर प्लॅस्टरचा साचा घेतात आणि साच्यातून पांढरी प्रतिकृती काढतात. ही प्रतिकृती दगडाशेजारी ठेवून, कंपासाने मापे घेत घेत, छिन्नीने काम चालते. आणि छिन्नीच्या कामात पाथरवटांचाही हात असतो. येथवर सर्व काही वर्गातही शिकविता येईल. परंतु वर्गात जे शिकविता येत नाही ते पुढेच आहे. मेजावर ठेवलेले सुबक पान साठ फूट उंचीवर चढविले की चपटे दिसू लागते. मुंबईच्या उन्हात बारीक रेषा पार नाहीशी होते. तेथे खोल खाच हवी, म्हणजे तिच्यात सावली पडेल आणि त्या सावलीने पान दिसेल. शिवाय पावसाळा आहे. ज्या कंगोऱ्यावर पाणी साचेल तो काळा पडेल. हे सारे विद्यार्थ्यास कोण शिकवितो? शिक्षक नव्हे. इमारत शिकविते. आणि चूक झाली तर ती वहीत झाकून ठेवता येत नाही. ती रोज हजारो लोक पाहतात. कलाशाळेचे हे शिक्षक काय करीत होते ते माझ्या मते एवढ्यात आले : त्यांनी मुलांचे काम भर रस्त्यात नेऊन ठेवले.

ही रीत ग्रिफिथ्स यांस मुंबईत सुचली असे नाही. लंडनमध्ये शिकत असता साऊथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयाच्या नव्या इमारतीच्या सजावटीवर त्यांनी स्वतः उमेदवारी केली होती, आणि त्यांचे सहकारी जॉन लॉकवुड किपलिंग हेही त्याच कामावर होते. जे शिक्षण आपणास लाभले तेच ते दोघे घेऊन आले. मुंबईची कलाशाळा त्यापूर्वीच स्थापन झालेली होती. सर जमशेटजी यांनी १८५३ मध्ये तिच्यासाठी एक लक्ष रुपये देऊ केले आणि १८५७ च्या मार्चमध्ये वर्ग सुरू झाले. १८६५ मध्ये हे दोघे शिक्षक तेथे रुजू झाले; किपलिंग मूर्तिकाम शिकवीत, ग्रिफिथ्स सजावटीचे चित्रकाम. मुंबईच्या जुन्या तटबंदीच्या भिंती तेव्हा पाडल्या जात होत्या आणि मोकळ्या झालेल्या जागेवर मोठमोठ्या सार्वजनिक इमारती उठत होत्या. कापसाच्या पैशाने तो काळ मातला होता, आणि त्या कापसात वऱ्हाडचाही वाटा होता हे आपण विसरू नये. त्या काळी क्रॉफर्ड मार्केट म्हटल्या जाणाऱ्या आणि हल्ली महात्मा जोतिबा फुले यांचे नाव धारण करणाऱ्या मंडईच्या दारांवर शेतकरी, हमाल व बाजारहाट यांची जी उठावाची चित्रे आहेत, ती किपलिंग यांनी केली.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे प्राप्त आहे. या शिक्षकांस पाठविणारे सरकार काही निव्वळ कलेच्या प्रेमाने पाठवीत नव्हते. त्यास इमारतींसाठी हाताखालचे कुशल लोक हवे होते, आणि येथील कारागिरास आपण शिकवावे असा एक अहंकारही त्यामागे होता. ज्या देशात वेरूळचे कैलास लेणे आहे त्या देशातील मुलांपुढे ग्रीक मूर्तींचे प्लॅस्टरचे ठसे नमुना म्हणून ठेविले जात. याचे हसू येते आणि वाईटही वाटते. तथापि सरकारचा हेतू एक आणि शिक्षकाचे मन एक. कामास हात घातल्यावर चांगला शिक्षक आपल्या हुकुमाच्या कागदाहून मोठा होतो, याचे उदाहरण ग्रिफिथ्स यांनी अजिंठ्यात घालून दिले. त्याकडे मी येणार आहेच. तत्पूर्वी त्यांच्या सोबत्याच्या मागोमाग थोडे लाहोरास जाऊन येऊ.

किपलिंग १८७५ मध्ये मुंबई सोडून लाहोरास गेले आणि तेथे नव्याने निघालेल्या मेयो कलाशाळेचे प्रमुख झाले. (त्यांचा मुलगा रडयार्ड १८६५ च्या डिसेंबरात मुंबईच्या कलाशाळेच्या आवारातच जन्मला. पुढे याच मुलाने सिवनीच्या रानातील मोगलीची गोष्ट लिहिली. ते रान नागपूरच्या पलीकडेच आहे.) त्यानंतर सव्वीस वर्षांनी त्याच लाहोर शहरात आणखी एक परमुलखातील शिक्षक आला, आणि तो मराठी होता. कुरुंदवाड येथे १८७२ मध्ये जन्मलेले विष्णु दिगंबर पलुस्कर यांची दृष्टी लहानपणी दारूकामाच्या अपघातात अधू झाली. पुस्तकी शिक्षण थांबले, म्हणून त्यांस मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणे शिकण्यास ठेविले. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. त्या काळी गवयाचे पोट राजेरजवाड्यांच्या आश्रयावर चाले, आणि घरंदाज माणूस आपल्या मुलास गाणे शिकू देत नसे. पलुस्करांनी गाणे दरबारातून काढून लोकांत नेण्याचे ठरविले. ज्या पंजाबात त्यांची भाषा कोणी बोलत नव्हते, त्या पंजाबात ५ मे १९०१ रोजी त्यांनी गांधर्व महाविद्यालय उघडले.

हे विद्यालय कोणा संस्थानिकाचे नव्हते. लोकांच्या वर्गणीवर आणि पलुस्करांच्या जलशांच्या उत्पन्नावर ते चाले. त्यांनी स्वरलिपी तयार केली, क्रमिक पुस्तके छापली, इयत्ता व परीक्षा ठेविल्या. काही निवडक मुलांस ते घरच्यासारखे ठेवून नऊ वर्षांच्या कराराने शिकवीत. त्यांचे खाणेपिणे विद्यालयाकडे, आणि तयार झाल्यावर त्यांनी दुसऱ्यांस शिकवावयाचे. याच शिष्यांस घेऊन ते गावोगाव जात आणि लोकांपुढे गाववीत. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईस विद्यालय काढले. त्याची इमारत पुढे कर्जापायी हातची गेली. १९३१ च्या ऑगस्टमध्ये मिरजेस त्यांचा अंत झाला. इमारत गेली, पण त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. आपल्याकडील जी मुले प्रारंभिक, प्रवेशिका आणि मध्यमा या परीक्षांस बसतात, ती याच मंडळाच्या परीक्षांस बसतात. लाहोर १९४७ पासून परदेश झाले आहे. परंतु तेथे लागलेल्या रोपाची फांदी अमरावतीपर्यंत आलेली आहे.

पलुस्करांचे शिष्य कोण, असे विचारले तर गाण्याचा कोणीही शौकीन चटकन सांगेल : ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर. आता बोरीबंदरच्या मोराकडे पुन्हा पाहू. मोर कोणी कोरला? विद्यार्थ्यांनी. कोणत्या? येथे सांगणाऱ्याची जीभ अडते. गाणाऱ्याची कला त्याच्या कंठात राहते, म्हणून कलेबरोबर त्याचे नावही फिरते. दगडाला ती सोय नाही. कामावरचा हात निघून गेला की दगड मुका होतो. आणि इमारतीच्या लेखात शिल्पज्ञाचे, कंत्राटदाराचे, साहेबाचे नाव राहते. काही सन्मान्य अपवाद आहेत. १८७८ मध्ये पुऱ्या झालेल्या राजाबाई मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातींच्या चोवीस मूर्ती आहेत. त्या घडविणारे रावबहादूर मुकुंद रामचंद्र हे सरकारी असिस्टंट एंजिनियर होते, आणि त्यांचे नाव राहिले आहे. बहुधा ते हुद्देदार होते म्हणूनच राहिले असावे.

विद्यार्थ्यांची नावे लोकांस कळू लागली ती प्रदर्शनांमुळे. १८८८ मध्ये बाँबे आर्ट सोसायटी स्थापन झाली, तिची वार्षिक प्रदर्शने भरू लागली, आणि चित्राखाली चितारणाऱ्याचे नाव छापण्याची रीत पडली. रीत साधी, परंतु तिने केवढा फरक पडला! १८९० मध्ये कोल्हापूरहून महादेव विश्वनाथ धुरंधर या नावाचा तरुण कलाशाळेत दाखल झाला. ग्रिफिथ्स तेव्हा प्रिन्सिपॉल होते. पुढे धुरंधर त्याच शाळेत शिक्षक झाले आणि १९३० मध्ये काही काळ ते तिच्या सर्वोच्च जागेवर बसले. त्यांनी १९४० साली 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. जुन्या ग्रंथालयात सापडल्यास विद्यार्थ्यांनी ते अवश्य वाचावे. शिष्याच्या नजरेने गुरूकडे पाहणारी अशी पुस्तके आपल्या भाषेत फार नाहीत. १८९६ च्या सुमारास गणपतराव म्हात्रे या पोरसवदा मुलाने 'मंदिरपथगामिनी' ही मूर्ती घडविली आणि तिच्यासवे त्याचे नाव सर्वत्र गाजले. मोर कोरणारे हात याहून कमी कुशल होते असे मी म्हणणार नाही. ते थोडे आधी जन्मले.

या ठिकाणी पालकांशी दोन शब्द. चित्रे काढून पोट भरते काय, हा प्रश्न शिक्षकांच्या कानांवर नेहमी येतो, आणि तो विचारणाऱ्यास मी दोष देत नाही. कोरडवाहू शेतीवर मुलांस शिकविणाऱ्या बापास तो विचारण्याचा अधिकार आहे. परंतु मुलगा चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांस बसतो, तेव्हा तो काही रिकामपणाचा उद्योग करीत नसतो. शालेय चित्रकलेच्या शिक्षणाची आणि परीक्षांची ही परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पावशतकातील याच कलाशाळेच्या खटपटीपर्यंत मागे जाते. प्रमाण, सावली आणि पलीकडच्या वस्तूचे लहान दिसणे ज्याच्या डोळ्यांत बसले, त्यास पुढे सुतारकाम असो, शिवणकाम असो, की यंत्राचा आराखडा, सर्वत्र तो डोळा उपयोगी पडतो. आणि विद्यार्थ्यांचे काम भिंतीवर नेण्याची गोष्ट म्हणाल तर तीही आपल्यापासून दूर नाही. रेल्वे मंत्रालयाने २०१८ मध्ये स्थानकांच्या सजावटीची स्पर्धा घेतली, तेव्हा पहिले बक्षीस आपल्या विदर्भातील बल्लारशाह आणि चंद्रपूर या स्थानकांस मिळाले. ताडोबाचे वाघ आणि त्या भागातील लोककला तेथील भिंतींवर स्थानिक कलाकारांनी उतरविली होती. बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहत बसणाऱ्या आमच्या मुलांनी तेथील एखादी कोरी भिंत आपली मानिली, तर आश्चर्य वाटावयास नको. तसे झालेच तर प्रत्येकाने आपल्या चित्राखाली पूर्ण नाव आणि साल घालावे, असा माझा हट्ट राहील.

आता अजिंठा.

अजिंठ्याचा डोंगर वऱ्हाडास परका नाही. त्याची ओळ बुलढाण्याच्या दक्षिणेस तशीच पुढे जाते. आणि त्याहून जवळचे नाते इतिहासाचे आहे. येथील चित्रे ज्या लेण्यांत मुख्यतः उरली आहेत, म्हणजे १, २, १६ आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांत, ती पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेण याच्या काळी खोदली गेली. आणि हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म म्हणजेच आपले वाशीम. सोळावे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने करविले, असे तेथील शिलालेखच सांगतो. पुढे लेणी ओस पडली, आणि १८१९ मध्ये शिकारीस आलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडून जगास पुन्हा ठाऊक झाली. चित्रे झपाट्याने नष्ट होत होती. म्हणून रॉबर्ट गिल या लष्करी चित्रकारास त्यांच्या नकला करण्यास नेमिले. तो वर्षानुवर्षे तेथे राहिला. त्याची बहुतेक चित्रे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेविली असता १८६६ च्या आगीत जळाली. १८७९ मध्ये तो वारला. त्याची कबर भुसावळ येथे आहे. बडनेऱ्याहून मुंबईस जाताना आपण सर्व त्या गावावरून जातो.

जळालेले काम पुन्हा करावे, असे ग्रिफिथ्स यांनी मनात घेतले. आणि ते एकट्याने नव्हे, विद्यार्थ्यांकडून. १८७२ च्या हिवाळ्यात ते पहिल्याने आपल्या विद्यार्थ्यांस घेऊन अजिंठ्यास गेले, आणि मध्ये खंड पडत पडत हे काम १८८५ पर्यंत चालले. तेरा वर्षे! पहिल्या खेपेस गेलेला विद्यार्थी शेवटच्या खेपेपर्यंत पुरा गृहस्थ झाला असेल. आगगाडी सोडल्यावर पुढील वाट बैलगाडीची. लेणी निजामाच्या राज्यात, निर्जन दरीत, वाघूर नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर. आत अंधार, भिंतींवर शतकांची धूळ, धुराची काजळी आणि वटवाघळांची घाण. सूर्य फिरेल तसा प्रकाश थोडा वेळ आत येई. तेवढ्यात रंग ओळखावयाचा. चित्रे मुळात मातीच्या गिलाव्यावरची. मातीत धान्याचा कोंडा व तंतू मिसळून थर दिलेला, त्यावर पांढरा पातळ हात, आणि त्यावर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ आणि दूर देशाहून आलेला लाजवर्दी निळा. ही सर्व कोरडी, मऊ रंगकांती विद्यार्थ्यांनी कापडावर तैलरंगांत उतरविली. काही चित्रपट तर सहा मीटर लांबीचे झाले.

ग्रिफिथ्स यांच्या मनाचा पालट येथे दिसतो. ज्या शाळेत ग्रीक ठसे समोर ठेवून शिकविले जाई, तिचाच हा शिक्षक आता लिहू लागला की हिंदी विद्यार्थ्यास अनुकरणासाठी परदेशी जावयास नको, त्याचा गुरू येथे भिंतीवर आहे. सोळाव्या लेण्यातील मरणासन्न राजकन्येचे चित्र पाहून त्यांनी ठरविले की रेषेत व रंगात इटलीचे थोर चित्रकार कदाचित सरस ठरतील, परंतु भाव दाखविण्यात यास मागे टाकणारे कोणी नाही. शिकवावयास आलेला मनुष्य शिकू लागला. त्यांच्याबरोबर असलेल्या विद्यार्थ्यांपैकी पेस्तनजी बोमनजी यांचे नाव पुढे फार प्रसिद्ध झाले. ते १८५१ चे, म्हणजे पहिल्या खेपेस जेमतेम एकवीस वर्षांचे. मुंबईच्या पारशी घरांतील माणसांची जी शांत, धीरगंभीर चित्रे त्यांनी उत्तरायुष्यात काढिली, ती पाहताना अजिंठ्यातील त्या हिवाळ्यांची मला आठवण होते. हे माझे मत. चित्रे पाहून प्रत्येकाने आपले ठरवावे.

सुमारे तीनशे चित्रे तयार झाली आणि लंडनला गेली. १८८५ मध्ये साऊथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात आग लागली आणि त्यांतील शंभराहून अधिक नाहीशी झाली. गिलची जळाली, म्हणून ही काढली, हीही जळाली. ग्रिफिथ्स यांनी उरलेल्यांवरून व आराखड्यांवरून दोन मोठे ग्रंथ सिद्ध केले. ते १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर ते सेवानिवृत्त होऊन मायदेशी गेले होते. १९१८ मध्ये तेथेच ते वारले.

त्यांच्या हातून एक अपराध घडला, तो लपविणे बरे नव्हे. चित्रे अधिक स्पष्ट दिसावी म्हणून नकला करणाऱ्यांनी मूळ भिंतीवर व्हार्निश लाविले. गिलने लाविले, तसे ग्रिफिथ्स यांच्या वेळीही लाविले गेले. काही काळ रंग उजळले. पुढे ते व्हार्निश पिवळे पडले, आकसले, आणि आकसताना मूळ रंगाचे पापुद्रे ओढू लागले. निजाम सरकारने १९२० मध्ये इटलीहून दोन तज्ज्ञ आणविले आणि दोन वर्षे त्यांजकडून भिंती सांभाळण्याचे काम करविले, परंतु जे गेले ते गेले. ज्याने चित्रांवर इतके प्रेम केले त्याच्याच हाताने त्यांस इजा व्हावी, ही गोष्ट मला त्या आगीपेक्षा अधिक बोचते.

१९०९ ते १९११ या काळात ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्त्री पुन्हा नकला करण्यासाठी अजिंठ्यास आल्या. त्यांच्या मदतीस कलकत्त्याहून चार तरुण आले : नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि वेंकटप्पा, हैदराबादेहून सय्यद अहमद व फजलुद्दीन. सहाही जणांची नावे आपणास ठाऊक आहेत. ग्रिफिथ्स यांच्या पहिल्या खेपेपासून तोवर सदतीस वर्षे लोटली होती.

जळण्यातून वाचलेली गिलची आणि ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांची मिळून १६६ चित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. १९५५ पासून ती कायमच्या प्रदर्शनात नाहीत, कोठारात असतात. मधल्या दीडशे वर्षांत अजिंठ्याच्या भिंतींवरून गिलावा ठिकठिकाणी सुटला, रंग विरले, चेहरे पुसले गेले. अभ्यासक आज मूळ भिंतीचा एखादा भाग पाहतात तेव्हा ही कापडे शेजारी ठेवून जुळवितात. कित्येक ठिकाणी भिंत रिकामी असते, आणि तेथे पूर्वी काय होते ते मुंबईच्या कोणा विद्यार्थ्याने हिवाळ्याच्या उन्हाचा कवडसा आत असेतो जेवढे उतरवून घेतले, तेवढेच उरलेले असते.